नव्या मालिकेत होडी नाही

गुरुवार, गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी. संध्याकाळी साडेसात. हजर: आय, खाटेवर, टीव्हीकडे डावा कान करून. वहिनी, उंबऱ्यात, लसूण सोलत. माझा नवरा, प्लास्टिकच्या खुर्चीत. मी, वही आणि पेन घेऊन. गैरहजर: दादा.

त्या दिवशीची नोंद मी वहीत अशीच केली आहे. मी गावच्या मच्छीमार सोसायटीत बोटींची वही लिहिते. कोणती बोट कधी गेली, किती माणसं घेऊन गेली, कधी परत आली. सासर-माहेर एकाच गावात, तीन घरं सोडून, त्यामुळे ऑफिस सुटलं की आधी आयकडे आणि मग घरी. माझी स्वतःची वही पिशवीतच असते.

टीव्हीवर चालू होती ती भुताची मालिका. बावीस-तेवीस वर्षांपूर्वी तिचा पहिला अवतार आमच्याच खाडीवर चित्रित झाला होता. तेरा भाग, आठवड्याला एक. गोष्ट साधी. तिन्हीसांजेला एक बाई धक्क्यावर येते आणि होडीवाल्याला पलीकडच्या ओसाड वाडीत सोडायला सांगते. ती मेलेली आहे, हे त्याला माहीत नसतं. तो तिला सोडतो आणि परत येतो.

तो होडीवाला म्हणजे माझा दादा.

खरं तर त्या कामासाठी मुंबईहून एक नट आणला होता. त्याला वल्हं धरता येईना. होडी जागच्या जागी तीनदा गोल फिरली आणि नट काठावर येऊन ओकला. दादा धक्क्यावर उभा राहून हसत होता. दिग्दर्शकाने त्याच्याकडे बोट केलं आणि म्हणाला, "हसतोस काय, तूच कर." दादाने लुंगी सावरली आणि उतरला. कागदावरचं वाक्य होतं, "बाई, पलीकडे कोणी राहत नाही." दादाच्या तोंडून ते निघालं, "बाय, पलीकडं कोन रहात न्हाय. कोनाकडं जातंस?" दिग्दर्शक म्हणाला, असंच राहू दे.

परतताना बोलायला काही लिहिलेलं नव्हतं. नुसतं यायचं आणि होडी बांधायची. पण काठावर, कॅमेऱ्याच्या बाजूला, आय उभी होती. रोज संध्याकाळी होडी बांधताना दादा जे म्हणायचा ते त्या दिवशीही सवयीने म्हणाला, "आयलो गो, आय." तेही तसंच ठेवलं. नवव्या भागात ते सगळ्या महाराष्ट्राने ऐकलं.

आय तिथे मुद्दाम उभी होती. सकाळीच तिने दादाला सांगितलं होतं, "मेलेल्या बाईला होडीत घेतंस, खोटं खोटं का असंना. आधी होडीचा नारल फोड." दादा म्हणाला, त्या लोकांनी आणलाय नारळ, ते फोडतील. त्यांनी फोडला, पण तो कॅमेऱ्यासमोर, मुहूर्ताचा. होडीला त्यातलं पाणीसुद्धा लागलं नाही. भूत झालेली बाई मात्र चांगली होती. दुपारी आमच्या ओटीवर बसून तिने जवळा आणि भाकरी खाल्ली आणि आयला विचारलं, "मी भुतासारखी दिसते का हो?" आय म्हणाली, "भूत येवढं जेवत न्हाय."

त्यानंतर दोन वर्षांनी, पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठल्यावरच्या पहिल्याच खेपेला, दादाची बोट उलटली. चार जण होते. तिघांना दुसऱ्या बोटीने उचललं. दादा सापडला नाही, कधीच नाही. सोसायटीच्या जुन्या वहीत त्या खेपेची ओळ आहे, माझ्या आधीच्या कारकुनाच्या अक्षरात. 'परत' या रकान्यात त्याने तीन लिहिलंय आणि खाली रेघ ओढलीय.

आयने दोन गोष्टी धरून ठेवल्या. एक, होडीचा नारळ कॅमेऱ्याला दिला म्हणून हे झालं. दोन, अंग मिळालं नाही म्हणजे माणूस गेला असं होत नाही. माणूस समुद्रात राहिला तर दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, तेव्हा तो सुटतो. आयने तो करू दिला नाही. कागदोपत्री जे करायचं ते मीच केलं, सात वर्षं थांबून, तालुक्याला खेपा घालून. आयने मृत्यूच्या त्या दाखल्याला हात लावला नाही. वहिनीचं मंगळसूत्र तेव्हापासून ना गळ्यात आहे, ना काढून ठेवल्यासारखं. देवघरात फुलपात्रात असतं.

आणि तिसरी गोष्ट. दादा गेला त्याच वर्षी आय मला म्हणाली, "ती कॅसेट घरात नको. भुताची हाय. काढ भायर."

नववा भाग मीच टेप केला होता. गावात व्हीसीआर आमच्या सासरी एकच. माझ्या कॅसेटना नंबर होते आणि त्यांची यादी वहीत होती. ही सात नंबरची. सासरी आयचं जाणं-येणं होतं, आणि ती जिथे दिसेल तिथून उचलून चुलीत घालेल याची मला खात्री होती. म्हणून मी कव्हर बदललं. दिराच्या हळदीची एक कॅसेट बुरशीने गेली होती. तिच्या कव्हरवर मी मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'हळद – खराब'. त्या कव्हरात सात नंबर घातली. यादीतही तसंच लिहिलं, म्हणजे माझ्यामागे कोणी यादी वाचली तरी शोधणार नाही. मला वाटलं, फार हुशारीचं काम केलं.

पुढे व्हीसीआर बंद पडला. कोणी दुरुस्त करेना. मग एका वर्षी बोंबील वाळत घातले होते आणि कावळ्यांनी उच्छाद मांडला. आमच्याकडे त्याला एक उपाय आहे. कॅसेटची फीत काढायची आणि वाळवणीच्या बांबूंवरून ताणून बांधायची. उन्हात ती चमकते, वाऱ्यावर गुणगुणते, कावळे जवळ येत नाहीत. घरात चाळीस कॅसेट पडून होत्या. मी वही काढली. लग्नाच्या, बारशाच्या बाजूला ठेवल्या. ज्यांच्यापुढे 'खराब' लिहिलं होतं त्या पाच वहिनीकडे दिल्या. स्वतःच्या हाताने दिल्या. यादी बघून.

हे मला तेव्हा कळलं नाही. कळलं ते यंदा, आषाढात.

यंदा काय झालं, तर टीव्हीवर जाहिरात आली. तीच गोष्ट, नव्या रूपात. शीर्षकगीताची चाल जुनीच ठेवली होती. काचबिंदूने आयची नजर गेली त्याला चार वर्षं झाली. ती पडून होती ती चाल ऐकून उठून बसली.

"आपली हाय गो ती," म्हणाली.

"व्हय," मी म्हटलं. तिच्याशी बोलताना मी तिचीच भाषा बोलते. "पन मानसं नवी हायेत."

"तेवढा कलतं मना. पन होडीवाल्याचं बोलनं ठेवलं असल. ते चांगलं हुतं." मग म्हणाली, "आधी नवा ऐकते. मंग तू जुनी लाव. दोनी ऐकून सांगते, कोन बरा."

तिनेच पुढे सांगितलं. दोन्ही ऐकून झाले की तिची ना नाही. यंदाच्या सर्वपित्रीला दादाचा पुतळा करा, अग्नी द्या, काय ते करा. "एकदा आयलो गो म्हनू दे त्याला. मंग जाऊ दे."

वीस वर्षं जे भटजींना जमलं नाही, मामांना जमलं नाही, ते एका जाहिरातीने केलं होतं. वहिनी चुलीकडे होती. तिने मागे वळून बघितलं नाही, पण हातातली पळी तशीच धरून उभी राहिली.

आय म्हणाली, "मी म्हनलं हुतं खरी, टाक म्हनून. पन तू टाकली नसशील. तू कायबी टाकत न्हायस. लिवून ठेवतस."

घरी जाऊन मी पेटी उघडली. 'हळद – खराब' नव्हती. यादीत तिच्यापुढे माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'कावळ्यांसाठी दिली'. तारीखसुद्धा होती. मग मला कव्हर आठवलं.

पुढचा महिनाभर मी काय काय केलं ते वहीत आहे. इंटरनेटवर कोणीतरी जुन्या मालिकेचे अकरा भाग टाकलेत. चौथा आणि नववा नाही. वाहिनीच्या ऑफिसात फोन केला. एक मुलगी नीट बोलली. म्हणाली, "काकू, त्या काळच्या टेप नंतर दुसऱ्या कामाला वापरल्या, तुम्हाला खोटं कशाला सांगू." त्या वेळी चित्रीकरणाला गावात आलेल्यांपैकी एकाचा पत्ता मिळाला, तो माणूस आता हयात नाही. वाळवणीच्या जागेवर गेले. एका बांबूला फितीची गाठ अजून होती आणि वीतभर शेपटी. ती कापून पनवेलला घेऊन गेले. तिथे जुन्या कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून देणारा एक जण बसतो. त्याने ती उजेडात धरली. तिच्यातून आरपार दिसत होतं.

"ताई, वरचा थर उन्हाने, खाऱ्या वाऱ्याने गेलाय. ही आता नुसती पट्टी आहे."

"वीतभर तरी?"

"वीतभरात काय येणार होतं हो," तो म्हणाला. वाईट हेतूने नाही. खरंच विचारत होता.

तेव्हा एकच आशा राहिली, नवी मालिका. तिच्यातला होडीवाला चांगला निघाला, तर आय कदाचित तेवढ्यावर भागवेल. कदाचित म्हणेल, राहू दे जुनी. म्हणून श्रावणात मालिका सुरू झाली त्या दिवसापासून मी रोज साडेसातला वही घेऊन बसले. डाव्या पानावर जुनी, उजव्या पानावर नवी. आय जे विचारेल ते सांगता यावं, म्हणून.

जुनीमध्ये भुताला काहीच लावलेलं नव्हतं. साधं सुती पातळ, अंबाडा. ती भूत आहे हे फक्त एका गोष्टीवरून कळायचं. ती होडीतून पाण्यात उतरायची, पण पातळाचा काठ कोरडा असायचा. एवढंच. गावातल्या बायका त्या काठाला घाबरल्या होत्या. नवीमधल्या भुताचे डोळे हिरवे आहेत. केस वारा नसताना उडतात. ती येण्याआधी धूर येतो आणि पायातली पैंजणं वाजतात.

"भूत हाय का बांगडीवाली?" आय म्हणाली. "येवढी वाजते."

"हिला मासळीबाजारात बसवा," माझा नवरा म्हणाला. "गिऱ्हाईक भाव न करता पैसे टाकून पळेल."

आय हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. मी ते उजव्या पानावर लिहिलं.

जुनी एका भागात जेवढी पुढे जायची तेवढं जायला नवीला तीन आठवडे लागतात. एक जण दार उघडतो, तर त्याच्याकडे घरातली सहा माणसं एकेक करून बघतात. आयला दिसत नसल्यामुळे हे सगळं तिला नुसतं ढोल-ताशासारखं ऐकू यायचं. ती विचारायची, "आता काय?" मी सांगायची, बघतायत. "अजून?" अजून. जुनीमध्ये पार्श्वसंगीत कमी होतं, बहुतेक पैसे नसतील. वल्ह्याचा आवाज होता, खाडीतलं भरतीचं पाणी धक्क्याला लागल्याचा आवाज होता. आय म्हणायची, त्या आवाजावरून तिला वेळ कळायची. नवीमध्ये खाडी आहे, पण पाण्याचा आवाज नाही. "ह्यांची खाडी मुकी हाय," आयने सांगितलं, आणि मला ते लिहून घ्यायला लावलं.

आणि रोज, मालिका संपली की, "होडीवाला आला का?"

"न्हाय अजून."

"येल. तिला पलीकडं जायाचं हाय ना, कसा न्हाय येनार?"

मग तो गुरुवार. नवीमधली बाई घराबाहेर पडली, धूर, पैंजणं, आणि खाडीवर आली. आयने आम्हाला हाताने गप्प केलं. मी पेन वहीवर टेकवलं.

नवीमध्ये खाडीवर पूल आहे.

लांबलचक, दिव्यांचा, मुंबईत असतात तसा. एक पांढरी मोटार आली, बाईने हात केला, मोटार थांबली. आतला तरुण म्हणाला, "लिफ्ट हवी?" बाई बसली. मोटार पूल ओलांडून गेली. ती परत आल्याचं दाखवलं नाही. नंतर तेलाची जाहिरात लागली.

मी आधी विचार केला नाही, ही माझी दुसरी चूक. आपल्याकडे आता सगळीकडे पूल होतायत. आजच्या गोष्टीत होडीवाला कशाला येईल? मी हे पहिल्या दिवशीच लिहायला हवं होतं.

"गाडी कसली वाजली?" आयने विचारलं.

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. वहिनी लसूण सोलत राहिली.

"वेगळी बाई हाय ती," मी म्हटलं. "आपली न्हाय."

"मंग आपली कवा?"

"येल पुढं."

"सर्वपित्रीच्या आत येल ना?"

"व्हय."

उजव्या पानावर मी काही लिहिलं नाही.

आय निजल्यासारखी पडली तेव्हा मी मागच्या पडवीत गेले. वहिनी लसणाची सालं सुपात भरत होती. मी तिला सांगितलं. सगळं. कव्हर, यादी, कावळे, पनवेलचा माणूस. दोन महिने मी हे फक्त नवऱ्याला सांगितलं होतं. वहिनीला सांगायचं धाडस झालं नव्हतं. तिच्या हाताने ती फीत बांधून घेतली होती ना मी.

तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "कव्हरावर खराब हुतं. पन आतल्या डब्बीवर सात हुता."

मला कळेना.

"डब्बी फोडल्याबिगर फीत निंगते का?" ती म्हणाली. "दगड मीच घातला. सात नंबर मना म्हाईत हुता. तुमच्या घरी बसून कितीदा बगितलेली."

"मग बोलली का नाहीस?"

ती सूप बाजूला ठेवून बसली. वहिनी फार बोलत नाही. बाजारात मासळी विकताना बोलते तेवढंच. "मना वाटलं, तुमीच टाकायला काडली," म्हणाली. "आयनी सांगितलेलं. मी म्हनलं, बरं झालं. रोज रोज तो आयलो म्हनतो नि येत न्हाय. मी ऐकत बसली असती तर टोपली उचलली नसती कदी." मग म्हणाली, "उन्हाल्याभर वाजत हुती ती. मी तितंच बसायची, बोंबील पालटत. बरा वाटायचं. त्यात बोलनं नव्हतं ना."

मला तिच्यावर रागावता आलं असतं तर बरं झालं असतं. यादी माझी होती, दगड तिचा होता, आणि टाक म्हणणारी आतल्या खोलीत टीव्हीकडे कान करून पडली होती. तिघींनी मिळून, एकमेकींना न विचारता, नीटनेटकं काम केलं होतं.

"तूच करशील का आवाज?" नवऱ्याला मी त्या आठवड्यात एकदा विचारलं. लाज वाटते, पण विचारलं. दादासारखं दोन शब्द मोबाइलवर बोलून दे. त्याने नाही म्हटलं नाही. विहिरीकडे जाऊन दोन-तीनदा म्हणून बघितलं, आयलो गो, आय. मी लांबून ऐकलं. परत येऊन तो म्हणाला, "तिला पहिल्या शब्दाला कळेल. आणि मग ती मला जावई म्हणणार नाही." मोबाइलमधलं त्याने पुसून टाकलं. या वेळी कोणी यादीत लिहिलं नाही.

आता पितृपक्ष लागला आहे. नवी मालिका पूल ओलांडून कधीच पुढे गेली. बाई आता मुंबईत कुठल्यातरी इमारतीत लिफ्टमध्ये दिसते. आय रोज साडेसातला केस विंचरून बसते. काल तिने विचारलं, जुनी लावायला मशीन लागेल ना, ते आणलं का. मी म्हटलं, बघते. ती म्हणाली, "नवी र्‍हाऊ दे मंग. येत न्हाय तो त्याच्यात, मना कललं. आता सरल जुनीच लाव."

म्हणजे तिला कळलं होतं. गाडीच्या आवाजावरून त्याच दिवशी कळलं असेल. माझं खोटं तिने पाच-सहा दिवस मुकाट चालू दिलं, कारण तिच्या मते जुनी माझ्याकडे होतीच. माझ्याकडे सगळं असतं.

भटजींना सर्वपित्रीचं सांगून ठेवलं आहे, कारण त्या दिवशी ते आयत्या वेळी मिळत नाहीत. दर्भाची जुडी आणली. काळे तीळ, तांदूळ, जवाचं पीठ, गाईचं तूप, पळसाची पानं, पांढरं कापड, मडकं, सगळं आयच्या माळ्यावर, मुंग्या लागणार नाहीत असं बांधून ठेवलं आहे. फार वारा नसेल तर किनाऱ्यावर, नाहीतर स्मशानातल्या शेडमध्ये. लाकडं मामा देणार. वहिनीने फुलपात्र घासून ठेवलं.

या सगळ्यापुढे खुणा झाल्या आहेत. यादीत सगळ्यात वर एक ओळ आहे, आषाढापासून ती मी प्रत्येक नव्या पानावर उतरवून घेते. आजही उतरवली. 'आयला कॅसेटचं सांगणे.' तिच्यापुढे खूण नाही.